व्यापाऱ्यांची निष्ठा रक्तात शोधू नका

पुण्यात मराठी उद्योजकांच्या एका मेळाव्यात मध्यंतरी दोन भाषणं पाठोपाठ ऐकली. पहिले वक्ते म्हणाले, चिनी माणसाकडून शिका. सिंगापूर असो, बँकॉक असो की मनिला, त्यांची व्यापारी मंडळं एकमेकांना धरून असतात, रक्ताला रक्ताची ओळख पटते, आणि आपण मात्र एकमेकांचे पाय ओढतो. सभागृहात टाळ्या पडल्या. दुसरे वक्ते उठले आणि त्यांनी गलवानपासून सुरुवात केली. याच मंडळांतून बीजिंग आपलं जाळं विणतं, चिनी माणूस सात पिढ्या परदेशात राहिला तरी शेवटी चीनचाच, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनाही तितक्याच टाळ्या पडल्या. एकाच्या बोलण्यात कौतुक होतं, दुसऱ्याच्या बोलण्यात धास्ती होती. पण रक्त सगळं ठरवतं हे दोघेही धरून चालले होते. ही चूक एकट्या पुण्यातली नाही. समाजमाध्यमांवर, वाहिन्यांवर, चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की याच दोन टोकांमध्ये चेंडू फिरत राहतो.

माझं म्हणणं असं आहे. आग्नेय आशियात चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांनी उभी केलेली मंडळं बंद दारांसमोर उभी राहिली. कर्ज मिळेना, न्यायालयाची भाषा कळेना, परवाने दुसऱ्याच्या हातात, म्हणून ती जमली. पुढे ती कोणाची झाली, हे त्या त्या देशाच्या कायद्याने ठरवलं. ज्या देशाने नागरिकत्व दिलं तिथे मंडळ त्या मातीचं झालं. ज्याने संशयापोटी मंडळावरच बंदी घातली, त्याने व्यवहार थांबवला नाही, फक्त तो काळोखात ढकलला.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण सिंगापूरच्या चायनीज चेंबरचं, म्हणजे तिथल्या चिनी व्यापारी मंडळाचं आहे. हिल स्ट्रीटवर ४७ क्रमांकाची त्यांची इमारत आहे, १९६४ साली उघडलेली. चिनी वळणाचं छप्पर, प्रवेशद्वाराशी दगडी सिंहांची जोडी, नऊ ड्रॅगनांचं भित्तिशिल्प. बाहेरून पाहिलं तर एकजिनसी, एकमुखी चिनी सत्ता वाटावी अशी वास्तू. पण या संस्थेचा कारभार कसा चाले? संचालक मंडळातल्या जागा 'बांग'नुसार, म्हणजे बोलीच्या गटांनुसार वाटलेल्या असत. होक्किएन, तेओचिउ, कॅन्टनी, हाक्का, हैनानी आणि सान्जियांग. होक्किएन बोलणाऱ्याला कॅन्टनी कळत नाही. आपल्याला बंगाली जेवढी कळते त्याहूनही कमी. १८५४ च्या मे महिन्यात याच शहरात होक्किएन आणि तेओचिउ लोकांची दंगल झाली. ती दहा दिवसांहून अधिक चालली आणि चारशेहून अधिक माणसं मेली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी एकमेकांवर शस्त्रं चालवली, ते १९०६ मध्ये हे चेंबर काढून एका टेबलाभोवती बसले ते रक्ताच्या ओढीने? तसं असतं तर जागांची वाटणी इतक्या बारकाईने कशाला लिहून ठेवावी लागली असती? ही बांगनिहाय पद्धत थेट १९९३ मध्ये रद्द झाली. जिथे विश्वास आपोआप असतो तिथे कोटा लागत नाही. तो बांधून काढावा लागतो तेव्हाच इतकी मोजदाद होते.

मग ते जमले कशासाठी? चिनी भाषेत 'शिन्योंग' असा शब्द आहे. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, पत. युरोपियन बँका छोट्या चिनी दुकानदाराला थेट उभं करत नसत. मधल्या हमीदाराच्या ओळखीशिवाय कर्ज नाही. म्हणून आपापल्या बोलीच्या पेढ्या निघाल्या. १९०३ मध्ये कॅन्टनींची क्वोंग यिक बँक, १९०६ मध्ये तेओचिउंची स्झे हाय तोंग. क्वोंग यिक दहा वर्षांत बुडाली. होक्किएनांच्या तीन बँका १९३२ च्या मंदीत एकत्र आल्या आणि त्यातून ओसीबीसी ही बँक उभी राहिली. गावाकडच्या पतपेढीचा हिशेब ज्याने जवळून पाहिला आहे त्याला यात परकं काही वाटणार नाही. सावकाराला कंटाळलेली माणसं जे करतात तेच ही माणसं करत होती. आपल्याकडे १९३४ मध्ये पुण्यात मराठा चेंबर स्थापन झालं. त्या नावातला 'मराठा' जातीचा नव्हता, मराठी मुलखाचा होता. तिथेही हीच निकड होती. मुंबईच्या मोठ्या व्यापारी संस्था होत्या, पण इथल्या छोट्या कारखानदाराचं गाऱ्हाणं सरकारदरबारी मांडणारं कोणी नव्हतं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. सिंगापूरच्या या चेंबरचा जन्मच परक्या दरबाराच्या सांगण्यावरून झाला. चीनच्या चिंग राजवटीने १८९३ पर्यंत परदेशी गेलेल्या प्रजेला जवळपास गुन्हेगारच मानलं होतं. मग तिजोरी रिकामी झाली आणि दरबाराला अचानक या लेकरांची आठवण झाली. पेनांगचे धनाढ्य व्यापारी चांग बीशी दरबाराचे दूत म्हणून सिंगापूरला आले, त्यांनी चेंबर काढण्याचा आग्रह धरला, आणि वर्षभरात ते निघालं. १९०९ च्या चिनी राष्ट्रीयत्व कायद्याने तर जगात कुठेही जन्मलेलं चिनी बापाचं मूल चिनी प्रजा ठरवलं. पुढे जपानने चीनवर आक्रमण केल्यावर याच व्यापाऱ्यांनी, रबरसम्राट तान का की यांच्या पुढाकाराने, चीनच्या मदतीसाठी प्रचंड निधी उभारला. तेव्हा, "यांचं तोंड चीनकडे होतं" असं कोणी म्हटलं तर ते खरंच आहे. मी ते नाकारत नाही.

पण त्या वेळी त्यांनी तोंड दुसरीकडे कुठे वळवायचं होतं? ब्रिटिशांच्या वसाहतीत चीनमध्ये जन्मलेल्या माणसाला मताचा अधिकार नव्हता, नागरिकत्व नव्हतं, विधिमंडळाची भाषा फक्त इंग्रजी होती. ज्या घरात आपल्याला ओसरीवरच बसवतात त्या घराला कोणी आपलं म्हणतं का? आणि इथेच या संस्थेच्या इतिहासाला वळण मिळतं. त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही. १९५० च्या दशकात याच चेंबरने दोन मागण्या लावून धरल्या. चीनमध्ये जन्मलेल्या पण इथेच आयुष्य घालवलेल्या लोकांना सिंगापूरचं नागरिकत्व द्या, आणि विधिमंडळात इंग्रजीखेरीज इतर भाषांनाही जागा द्या. अर्जविनंत्या, सभा, शिष्टमंडळं, सगळं झालं. १९५७ मध्ये नागरिकत्वाचा कायदा झाला आणि चीनमध्ये जन्मलेल्या दोन लाखांहून अधिक लोकांना सिंगापूरशी निष्ठेची शपथ घेऊन नागरिक होता आलं. हे लोक चीनचेच असते तर चीनवरचा हक्क सोडणारी शपथ मागायला रांगा कशाला लावल्या असत्या? चीननेही हे ओळखलं होतं. १९५५ मध्ये बांडुंग परिषदेच्या वेळी चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी इंडोनेशियाशी दुहेरी नागरिकत्व संपवण्याचा करार केला, आणि १९८० च्या चिनी राष्ट्रीयत्व कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागाच नाही. चिनी भाषेतही फरक पडला. 'हुआचियाओ' म्हणजे परदेशी राहणारा चीनचा नागरिक, आणि 'हुआरेन' म्हणजे दुसऱ्या देशाचा नागरिक असलेला चिनी वंशाचा माणूस. मराठीत आपण दोघांनाही 'चिनी' म्हणतो आणि तिथेच आपला सगळा वाद बिघडतो.

दुसरा आक्षेप मला वैयक्तिकरीत्या जास्त बोचतो. ही मंडळं शेटजींची असतात आणि अख्ख्या समाजाच्या नावाने बोलतात. हमाल, रबरमळ्यातला मजूर, शिवणकाम करणारी बाई यांना तिथे कोण विचारतं? आक्षेप बरोबर आहे. पण त्याचं उत्तर मतपेटीने दिलंय. १९५५ च्या निवडणुकीत चेंबरच्या धनिकांचा पाठिंबा असलेला डेमोक्रॅटिक पक्ष उतरला होता. लोक त्याला कोट्यधीशांचा पक्ष म्हणत. निवडून द्यायच्या २५ जागांपैकी त्याला फक्त २ मिळाल्या. चिनी मतदाराने चिनी शेटजींना झिडकारून कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांना मतं दिली. व्यापारी मंडळ म्हणजे समाज, हे समीकरण खुद्द त्या समाजानेच मान्य केलेलं नाही. मग मंडळाच्या एखाद्या पदाधिकाऱ्याने बीजिंगमध्ये जाऊन काही बोललं की आपण त्यावरून सिंगापूरच्या तीस लाख चिनी वंशाच्या लोकांच्या मनातलं कसं ओळखतो?

दोन गोष्टी मात्र सविस्तर सांगायला हव्यात, कारण निष्ठा भाषणांपेक्षा पैसा कुठे जातो त्यात दिसते. ली कोंग चियान हे १९३९-४० मध्ये चेंबरचे अध्यक्ष होते. रबर आणि अननसातून पैसा कमावलेले. १९५३ मध्ये त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयासाठी ३,७५,००० डॉलर देऊ केले. अट अशी की ग्रंथालय सर्वांना मोफत असेल आणि त्यात केवळ इंग्रजी नव्हे, तर इथल्या लोकांच्या भाषांतली पुस्तकं असतील. म्हणजे चिनी, तशीच मलय आणि तमिळही. सिंगापूरचं राष्ट्रीय ग्रंथालय १९६० मध्ये उघडलं ते या पैशाच्या पायावर. तमिळ हमालाच्या मुलाला तमिळ पुस्तक फुकट वाचायला मिळावं म्हणून चिनी व्यापारी अट घालतो, हे कोणत्या रक्ताच्या सिद्धांतात बसतं?

दुसरी गोष्ट १९४२ ची. फेब्रुवारीत सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याने चिनी पुरुषांना रांगेत उभं करून वेगळं काढलं आणि समुद्रकिनाऱ्यांवर नेऊन मारलं. जपानी बाजूने आकडा पाच-सहा हजारांचा सांगितला, समाजाचे अंदाज पन्नास हजारांपर्यंत जातात. वर त्याच समाजाकडून पाच कोटी डॉलरची 'भेट' वसूल केली. जमले फक्त २.८ कोटी, उरलेले जपानी बँकेकडूनच कर्जाऊ घ्यायला लावले. १९६२ मध्ये सिगलाप भागात सामूहिक कबरी सापडल्या. हाडं उकरून काढण्याचं, धुण्याचं, कलशांत भरण्याचं काम चेंबरने अंगावर घेतलं. १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्याच चेंबरने पडांगच्या मैदानावर जपानकडून भरपाईच्या मागणीसाठी सभा घेतली आणि एक लाखाहून अधिक लोक आले. मारले गेलेले बहुतेक चिनी होते. स्मारकासाठी निधी चिन्यांनी जमवला, निम्मा खर्च सरकारने दिला. स्मारक चिनी मृतांचं करायला कोणाची हरकत नसती. पण १५ फेब्रुवारी १९६७ रोजी बीच रोडवर जे उभं राहिलं त्याला चार खांब आहेत, पासष्ट मीटरहून उंच. चिनी, मलय, भारतीय आणि युरेशियन अशा चार समाजांचे चार, पायथ्याशी एकत्र. त्याखाली सहाशेहून अधिक कलश पुरलेले आहेत. आजही दर १५ फेब्रुवारीला तिथे स्मरणसभा होते, चेंबर ती भरवतं आणि वेगवेगळ्या धर्मांचे प्रतिनिधी प्रार्थना म्हणतात. सगळ्यांचं स्मारक करा हा आग्रह सरकारचा होता हे मला माहीत आहे. पण चेंबरने तो मानला, आणि दुःख आपलं असूनही ते वाटून घेतलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

याच्या शेजारी इंडोनेशिया ठेवून पाहा. १९५९ मध्ये तिथे परदेशी नागरिकांना, म्हणजे व्यवहारात चिन्यांना, ग्रामीण भागात किरकोळ दुकानदारीला मनाई झाली; लाखाच्या घरात माणसं देश सोडून गेली. १९६७ पासून सुहार्तो राजवटीने चिनी अक्षरं, चिनी सण उघडपणे साजरे करणं, चिनी नावं, संघटना, सगळ्यावर बडगा उगारला. आपल्याकडच्या दुसऱ्या वक्त्यांना हवा होता तो उपाय तिथे तीस वर्षांहून अधिक काळ राबवला गेला. परिणाम काय झाला? चिनी भांडवल संपलं नाही. ते राष्ट्राध्यक्षांच्या दिवाणखान्यात गेलं. लिम सिओ लिओंग यांच्यासारखे मोजके 'चुकोंग', म्हणजे सत्तेच्या आश्रयाने धंदा करणारे चिनी धनिक, सुहार्तोंच्या मेहरबानीवर अवाढव्य झाले. मंडळ असतं तर सभासदांची यादी असती, इतिवृत्त असतं, निवडणूक असती, नापसंत ठरावही झाला असता. दिवाणखान्यातल्या बोलण्याचं इतिवृत्त कोण लिहिणार? मग मे १९९८ मध्ये जकार्ता पेटलं तेव्हा हजाराहून अधिक लोक मेले. ग्लोदोक या तिथल्या चिनी वस्तीतली साध्या दुकानदारांची दुकानं जळाली, चिनी बायकांवर अत्याचार झाले, आणि जळत्या मॉलमध्ये अडकून मेलेल्यांत इंडोनेशियातले गरीबच जास्त होते. चुकोंगांपाशी परदेशी जायला विमानं होती. सामान्य दुकानदाराच्या बाजूने उघडपणे उभी राहील अशी संस्थाच राजवटीने शिल्लक ठेवली नव्हती.

मलेशियाचं प्रकरण एवढं सरळ नाही आणि तिथे माझ्या बाजूला जरा दमानेच बोललं पाहिजे. १३ मे १९६९ च्या मलय-चिनी दंगलीनंतर सरकारने १९७१ मध्ये मलय लोकांचा धंद्यातला वाटा वाढवणारं नवं आर्थिक धोरण आणलं. १९७० मध्ये कंपन्यांच्या भागभांडवलात मलय आणि इतर भूमिपुत्रांचा वाटा सुमारे २.४ टक्के होता, चिन्यांचा सुमारे २७ टक्के. ज्याच्या नावावर देश आहे त्याच्या हाती कारखाने नाहीत, ही अवस्था कुठल्याही समाजाला असह्य होईल. महाराष्ट्रात 'मुंबई कोणाची' या प्रश्नावर जी धग आहे तिचा अनुभव असलेल्याने मलय माणसाच्या रागाला वंशद्वेष म्हणून झटकून टाकू नये. चिनी चेंबरांनी कारखान्यांवर परवान्याचं बंधन घालणाऱ्या १९७५ च्या उद्योग समन्वय कायद्याला कडाडून विरोध केला, त्यात स्वार्थ होताच. पण १९७० च्या त्याच आकडेवारीत आणखी एक आकडा आहे. परकीयांचा, मुख्यतः ब्रिटिश कंपन्यांचा वाटा ६३ टक्क्यांच्या आसपास होता. कोपऱ्यावरचा चिनी वाणी रोज डोळ्यांसमोर असतो, लंडनमधला भागधारक कधीच दिसत नाही. राग कोणावर काढायचा हे अशा वेळी डोळे ठरवतात. शिवाय, चेंबरने विरोध केला तो निवेदनं देऊन, वाटाघाटी करून, आणि कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. याउलट परवाना मलय माणसाच्या नावाने आणि धंदा चिनी माणसाचा अशी 'अली-बाबा' भागीदारी गुपचूप वाढली, ती कोणत्याही मंडळाच्या सभेत ठरलेली नव्हती.

आणि आजचं काय? २०१८ मध्ये चीनने परदेशस्थ चिन्यांशी संबंध ठेवणारं सरकारी कार्यालय कम्युनिस्ट पक्षाच्या 'संयुक्त आघाडी' विभागाखाली, म्हणजे पक्षाबाहेरच्या गटांना वळवणाऱ्या विभागाखाली आणलं. चौ एन लाय यांनी आखलेली रेष बीजिंग आता पुसू पाहतंय, 'चिनी राष्ट्राची सगळी लेकरं' असं बोलतंय. दबाव खरा आहे. त्याच वर्षी सिंगापूरचे निवृत्त मुत्सद्दी बिलहारी कौशिकन यांनी याबद्दल उघड इशारा दिला होता. पण सिंगापूरने मंडळं बंद केली नाहीत. २०२१ मध्ये परकीय हस्तक्षेपाविरुद्ध कायदा केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याखाली पहिल्यांदा एका व्यक्तीला 'राजकीयदृष्ट्या महत्त्वाची व्यक्ती' ठरवलं. ते हाँगकाँगमध्ये जन्मलेले आणि सिंगापूरचं नागरिकत्व घेतलेले उद्योजक होते. त्यांच्यावर परकीय संबंध आणि देणग्या जाहीर करण्याचं बंधन आलं. त्या कायद्यातले अधिकार फार सैल आहेत अशी टीका झाली आहे आणि मला ती पटते. तरी कारवाई एका माणसावर झाली आणि वर्तनावरून झाली. आडनावावरून झाली नाही. मी चेंबरकडेही हेच मागेन. चीनला जाणाऱ्या शिष्टमंडळाचा खर्च कोणी केला ते जाहीर करा, कोणाच्या वतीने बोलता ते सांगा, आणि अख्ख्या समाजाचं नाव घेऊ नका.

आपण स्वतःला या आरशात पाहायला का कचरतो? मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही मंडळं चालवतात, गणपती बसवतात. २००३ पासून आपलं सरकार प्रवासी भारतीय दिवस साजरा करतं, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना विशेष कार्ड देतं. चीन एवढंही देत नाही. उद्या कोणी म्हणालं की ती मराठी मंडळं म्हणजे दिल्लीची ठाणी आहेत, तर आपल्याला संताप येईल आणि तो योग्यच असेल. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकललं तेव्हा त्याचे शब्द पुण्यातल्या दुसऱ्या भाषणापेक्षा फार वेगळे नव्हते. हे लोक आमचं रक्त शोषतात, यांचं मन इथे नाही.

आणि आपल्या हातूनही हे घडलेलं आहे. मुंबईत माझगावच्या एका गल्लीत सी यिप कून हे छोटंसं चिनी देऊळ आहे, शंभर वर्षांहून जुनं. गोदीत उतरणाऱ्या खलाशांनी आणि कारागिरांनी जपलेलं. कोलकात्याच्या टांगऱ्यात हाक्का लोकांचे चामड्याचे कारखाने होते, तिरेट्टा बाजारात सुतार आणि दंतवैद्य होते. १९६२ च्या युद्धात यांच्यासारख्या सुमारे तीन हजार माणसांना, बहुतेक आसाम आणि बंगालमधल्या, आगगाडीत घालून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुलं होती. खटला नाही, आरोपपत्र नाही. काही जण तिथे वर्षानुवर्षं राहिले. सुटून आल्यावर अनेकांची दुकानं आणि घरं लिलावात गेलेली होती. त्यातले बरेच पुढे टोरोंटोला गेले. आज तिथे त्यांची संघटना आहे आणि तिची भारत सरकारकडे मुख्य मागणी एवढीच आहे, की झालं ते चुकलं असं म्हणा. छावणीत मुलं म्हणून गेलेले आता सत्तरी ओलांडत आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.